द्राक्ष बागायतदारांनो, हजेरीच्या वहीत पोरांचीही नावं लिहा

नाशिक जिल्ह्यातल्या समस्त द्राक्ष बागायतदार दादा, काका, वहिनी आणि ताईंना,

सप्रेम नमस्कार.

मी मखमलाबाद शिवारातल्या एका बागायतदाराच्या घरची सून. आमची थॉमसन जातीच्या द्राक्षाची अडीच एकर बाग आहे, म्हणजे मी बाहेरची कुणी नाही, तुमच्यातलीच आहे, आणि हे पत्र घरातल्या माणसांना लिहितात तसंच लिहितेय. छाटणीची गडबड आता चालू होईल, मुकादमांचे फोन यायला लागलेत, पेठ फाट्यावर आणि गिरणाऱ्याला सकाळी सहापासून माणसांची गर्दी दिसायला लागेल. सुरगाणा, पेठ, हरसूलकडून मजुरांच्या टोळ्या उतरतील आणि त्यांच्यासोबत पोरं उतरतील. कडेवरची, झोळीतली, आईचा पदर धरून चालणारी. टोळीत माणसं किती आणि बाया किती हे आपण पहिल्याच दिवशी विचारतो, पण पोरं किती आहेत हे कुणी विचारत नाही. मी पण विचारत नव्हते, लग्न होऊन आले त्यानंतर नऊ सीझन मी विचारलं नाही.

माझं मागणं एकच आहे. हजेरीची वही उघडाल त्या दिवशी टोळीतल्या सहा वर्षांच्या आतल्या प्रत्येक पोराचं नाव आणि वय त्याच वहीत लिहा आणि ते नाव आपल्या जवळच्या अंगणवाडीत नेऊन द्या. एवढंच. का ते सांगते, जरा लांबेल पण वाचा.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी चुलत जाऊ आली होती, ती निफाड साईडला अंगणवाडी सेविका आहे. वाण लुटून झालं, बाकीच्या बाया गेल्या आणि आम्ही दोघी सहज बागेकडे फिरायला गेलो तर बांधावर एक पोरगी बसलेली. तुटलेल्या ठिबकच्या नळीचा तुकडा हातात, नाकाला शेंबूड, केस तांबूस, भुरे झालेले. आम्ही तिला चिमणी म्हणायचो, खरं नाव इथं लिहीत नाही. जाऊ तिच्याजवळ बसली, तिचा डावा दंड हातात घेतला आणि पर्समधून ती कागदी पट्टी काढली, लाल पिवळ्या हिरव्या रंगाची, दंडघेर मोजायची. ११ सेंटीमीटर १ मिलिमीटर. लाल. साडेअकराच्या खाली आलं की पोर तीव्र कुपोषित, ज्याला त्या लोकांच्या भाषेत सॅम म्हणतात, आणि साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मॅम. मग आम्ही तिला आमच्या घरच्या काट्यावर आधी आईसोबत आणि मग आईला एकटीला असं उभं करून वजन काढलं, सात किलो चारशे ग्रॅम. पोरगी दोन वर्षांची होती. दोन वर्षांच्या मुलीचं वजन साधारण साडेअकरा किलो असायला पाहिजे.

ती नोव्हेंबरपासून आमच्या बागेत होती. अडीच महिने. त्या अडीच महिन्यात मी रोज सकाळी बागेत जाऊन मण्याची साईज बघत होते. १६ एमएम झाला का, १८ ला जाईल का, डिपिंगचा, म्हणजे घड औषधात बुडवल्याचा, रिझल्ट आलाय का, पाकळी कुठं राहिलीय का. खिशात कॅलिपर असायचा. मण्यात एक एमएमचा फरक पडला तरी घरात रात्री त्यावर चर्चा व्हायची. आणि हे पोर त्याच ओळीच्या टोकाला बसलेलं असायचं आणि त्याचा दंड माझ्या दोन बोटांच्या कडीत मावत होता हे मला दिसलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, अजूनही कधीकधी लागत नाही.

तुम्ही म्हणाल, आई बाप जेवायला घालत नाहीत का. घालतात ना, पण कसं ते बघा. ती माय पहाटे उठून स्वयंपाक करते आणि सातला ओळीत उभी राहते. दुपारी एकला सुट्टी, संध्याकाळी सहाला परत. म्हणजे पोराला सकाळी काय दोन घास मिळतील ते आणि मग एकदम दुपारी. दोन वर्षांच्या पोराचं पोट केवढंसं, मुठीएवढं, त्याला एका वेळी भरपूर खाताच येत नाही, त्याला दिवसातून तीन चार वेळा नीट आणि मधे एक दोनदा काहीतरी लागतं. आणि मिळतं काय, तर पातळ डाळीचं पाणी आणि भात, चहात बुडवलेला टोस्ट, आणि रडायला लागलं की पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा. पोट भरल्यासारखं वाटतं पण त्यात रक्त मांस बनायला काही नसतं. त्यांच्या गावाकडे निदान नागलीची भाकर असते, उडदाचं वरण असतं, खुरसाणीची चटणी, पावसाळ्यात रानभाज्या, खेकडे, मासे. नागलीत कॅल्शियम गहू तांदळाच्या कितीतरी पट जास्त. इथं आल्यावर ते सगळं सुटतं आणि दुकानातून विकत घ्यायचं म्हटलं की तेल, डाळ, अंडी हेच पहिलं कमी होतं. रेशनचं म्हणाल तर वन नेशन वन रेशन कार्डवर नाशिकच्या दुकानातूनही धान्य उचलता येतं, पण गावाकडे म्हातारा म्हातारी त्याच कार्डावर जगत असतात, मग इथं काय उचलणार.

वर पाणी. आपण बागेला देतो ते शेततळ्याचं पाणी पोरं पितात, लाईनला ओठ लावून पितात, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मग जुलाब. आठ दिवस बरं, परत जुलाब. सारखे जुलाब झाले की आतड्याचं अस्तरच खराब होतं, खाल्लेलं अंगी लागत नाही, मग पोर अशक्त, मग परत आजार, असं ते चक्र आहे. जुलाब झाले की ओआरएस आणि सोबत १४ दिवस झिंकच्या गोळ्या द्यायच्या असतात, जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायच्या. आशाताईकडे फुकट मिळतं. आमच्या टोळीत हे एकालाही माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

बरं नुसतं वजन कमी एवढ्यावर हे थांबत नाही. मला जाऊने समजावून सांगितलं आणि नंतर मी स्वतः बरंच वाचलं. पोटात असल्यापासूनचे २७० दिवस आणि जन्मल्यावरची दोन वर्षं म्हणजे ७३० दिवस, हे हजार दिवस फार महत्त्वाचे. मेंदूची बहुतेक वाढ पहिल्या दोन तीन वर्षांत होऊन जाते. त्या काळात लोह कमी पडलं, प्रथिनं कमी पडली, सारखा ताप जुलाब चालू राहिला तर उंची खुंटते, आणि दोन वर्षांपर्यंत खुंटलेली उंची नंतर कितीही खाऊ घातलं तरी फारशी भरून येत नाही. आणि त्यासोबत लक्ष लागणं, बोलणं, शिकणं हे पण मागे पडतं. आपण द्राक्षवाले आहोत, आपल्याला हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. एप्रिल छाटणीनंतर काडीत घड तयार होतानाच्या दिवसात चूक झाली तर ऑक्टोबरला कितीही खतं ओता, घड निघत नाही. आपण या एका गोष्टीवर रात्र रात्र जागतो.

हे काही फक्त आमच्या बांधावरचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुरटलेली निघाली, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी. दर तीन पोरांमागे एकाहून जास्त. आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये रक्त कमी असलेली ६८.९ टक्के. आधीच्या सर्वेक्षणात हाच आकडा ५३.८ होता, म्हणजे वाढलाय. आपल्यासारख्या राज्यात, जिथं धरणं आहेत, कारखाने आहेत, एक्सपोर्ट आहे.

आता अंगणवाडीचं. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला चालू झाली, पन्नास वर्षं होऊन गेली. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, त्यात सहा महिने ते सहा वर्षांच्या पोराला दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असा हक्कच लिहिलाय, आणि सॅम असेल तर ८०० कॅलरी. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून पोरांना अंडी किंवा केळी मिळतात. चिमणीचं नाव तिच्या गावच्या अंगणवाडीत होतं, तिथं तिला हे मिळत होतं, आणि ती गाडीत बसून इकडे आली त्या दिवशी ते सगळं तिकडेच राहिलं. अमृत आहार योजना आदिवासी क्षेत्रापुरती, आमच्याकडे ती लागू नाही. साधा नेहमीचा आहार मिळावा म्हणून मी जवळच्या एका अंगणवाडीत विचारायला गेले तर उत्तर आलं की तिचं नाव गावाला आहे, आमच्या यादीत नाही. गावाकडे फोन लावला तर म्हणे ती स्थलांतरित झालीय. म्हणजे दोन याद्या आणि दोन्हीच्या मधे एक पोरगी. मी त्या सेविकेला दोष देत नाही, तिला तिच्या यादीएवढाच माल येतो, तिचं मानधन किती आणि काम किती हे मी घरात जवळून बघतेय. पण मार्ग आहे. पोषण ट्रॅकर नावाचं ॲप २०२१ पासून आहे, त्यात स्थलांतर झालेल्या पोराचं नाव एका अंगणवाडीतून दुसऱ्या अंगणवाडीत घेता येतं. मात्र त्यासाठी पोर आलंय हे कुणीतरी जाऊन सांगायला लागतं. ती माय सांगू शकत नाही, सातपासून सहापर्यंत ती आपल्या बागेत उभी असते आणि अंगणवाडी दुपारी बंद होते. सेविका बागाबागा फिरू शकत नाही, तिला कुठल्या बागेत टोळी उतरलीय हे माहीतच नसतं. आपल्याला माहीत असतं. फक्त आपल्यालाच.

आपला माल युरोपला जातो तेव्हा काय होतं आठवा. २००६ पासून ग्रेपनेट आहे, एक्सपोर्टच्या द्राक्षाचा माग ठेवणारी ऑनलाईन नोंद. प्रत्येक प्लॉटची नोंदणी, फवारणीची डायरी, मालात औषधाचा अंश किती उरला त्याचा म्हणजे रेसिड्यूचा रिपोर्ट. रॉटरडॅमला उतरलेली पेटी कुठल्या गावच्या कुठल्या प्लॉटची आहे हे तिथं बसून काढता येतं. आपण हे शिकलो, आधी कटकट वाटली, नंतर सवय झाली, आणि त्यामुळेच आपला माल तिकडे टिकला. मग सुरगाण्यापासून मखमलाबादला आलेल्या पोरीचा पत्ता लागत नाही असं कसं चालेल. ते काम त्याहून अवघड नाही. एक पान लागतं.

चिमणीचं पुढं काय झालं ते सांगते. जाऊने ओळखीने तिला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायची सोय केली. तिथं चौदा दिवस राहायला सांगतात, आईला थोडी बुडीत मजुरीही मिळते. पण माय तयार होईना. मुकादमाकडून दसऱ्याआधी उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली, घरी आणखी एक सात वर्षांचा मुलगा, नवरा दुसऱ्या बागेत कामाला. शेवटी ह्यांनी मुकादमाशी बोलून चौदा दिवसांची तिची हजेरी आम्ही भरू असं सांगितलं तेव्हा ती गेली. अकरा दिवस राहिली, मुलाची काळजी लागली म्हणून तीन दिवस आधी निघून आली. पोरगी सहाशे ग्रॅमनी वाढली होती. डोळ्यात जरा तेज आलं होतं, हसायला लागली होती, मला बघून हात पुढे करायची. मार्चमध्ये आमचा खुडा संपला आणि टोळी दिंडोरीकडच्या दुसऱ्या बागेत गेली, मी चौकशी केली नाही. ही माझी चूक. इतकं करून मी चौकशी केली नाही.

पुढच्या दिवाळीनंतर ती परत आली. आता तीन वर्षांच्या जवळ. उंची दीड वर्षाच्या पोराएवढी. आणि बोलत नव्हती. म्हणजे मुकी नाही, आई, पाणी, दे, असे आठ दहा शब्द. माझा मुलगा त्या वयात गोष्टी सांगायचा, भांडायचा. ती नुसती बघत बसायची. माझ्या मुलात आणि तिच्यात अक्कल कमी जास्त होती असं मी कधीच मानणार नाही. त्याला दूध, अंडी, वरण भात तूप मिळालं, आजी दिवसभर त्याच्याशी बडबड करायला होती. तिला ठिबकच्या नळीचा तुकडा होता.

ह्यावर एक वाचलेलं सांगते. जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमध्ये १९८६-८७ साली ९ ते २४ महिन्यांच्या १२९ खुरटलेल्या मुलांचा एक अभ्यास चालू झाला. त्यातल्या काहींच्या घरी आठवड्यातून एकदा एक आरोग्यसेविका तासभर जायची, आईला बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते दाखवायची, घरातल्याच डब्या बाटल्यांची खेळणी करायची. दोन वर्षं. वीस वर्षांनी ही मुलं कामाला लागली तेव्हा त्यांची कमाई तशाच पण भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. आठवड्याला एक तास बोलणं आणि खेळणं. मी हे वाचून आमच्या बांधावर बघितलं, तिथं दिवसभर बोलायला कुणी नव्हतं. आठ नऊ वर्षांची एखादी ताई शाळा सोडून दोन तीन पोरं सांभाळत असते, ती बिचारी काय बोलणार आणि तिच्या शाळेचं काय.

मागच्या दोन सीझनला आम्ही काय केलं ते सांगते, मोठं काही नाही. टोळीत बारा बाया होत्या, त्यातल्या एकीला पूर्ण हजेरी देऊन पोरं सांभाळायला बसवली. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाच किंवा जास्त लहान पोरं असतील तर एका बाईला त्यासाठीच ठेवायची असं लिहिलं होतं, मी म्हटलं मातीच्या कामावर चालतं तर बागेत का नाही. घरात वाद झाला, सासरे म्हणाले अशाने बागा विकायची वेळ येईल, आणि त्यांचं चूक नव्हतं, त्या वर्षी अवकाळीने मणी तडकून आमचा एक प्लॉट क्रॅकिंगमध्ये गेलेला, औषधवाल्याची उधारी डोक्यावर. आपल्या कुणाचीच परिस्थिती सोन्याची नाही हे मला माहीत आहे. पण पहिल्याच पंधरवड्यात त्यांनाच दिसलं की बाया सारख्या बांधाकडे पळत नाहीत, काम सलग होतंय. पॅकिंग शेडची एक बाजू झाडून तिथं ताडपत्री टाकली, झोळ्या बांधल्या, पिण्याच्या पाण्याचा माठ वेगळा, झाकण आणि लांब दांड्याचा डोया. सकाळी दहाला उकडलेलं अंडं किंवा शेंगदाणे गूळ, दुपारी चारला परत काहीतरी. नागलीचं पीठ त्या बायांनीच गावाकडून आणलं, आम्ही दूध दिलं. आणि हायड्रोजन सायनामाईडचं पेस्टिंग, म्हणजे डोळे फुटायला काडीला ते औषध लावायचं काम, असेल त्या दिवशी पोरं बागेच्या आसपास ठेवायची नाहीत आणि हात साबणाने कोपरापर्यंत धुतल्याशिवाय कुणी पोराला घ्यायचं नाही, हा नियम ह्यांनी स्वतः केला. ते औषध अंगाला लागलं तर चट्टे उठतात हे आपण सगळ्यांनी भोगलंय, आणि त्याच हाताने आया पोरांना पाजत होत्या.

सगळं नीट झालं असं नाही. एकदा सांभाळणारी बाईच तापाने पडली, चार दिवस परत पहिल्यासारखं. एका मुकादमाने पोरांची नावं कशाला पाहिजेत म्हणून कटकट केली, त्याला भीती की काहीतरी केस बिस होईल. त्याला समजवायला वेळ लागला. तुम्हालाही लागेल.

पण हे सगळं दुसऱ्या नंबरचं, ज्याला जमेल त्याने करा. शेड नाही जमली, बाई नाही बसवता आली तरी वहीतलं नाव तरी लिहाच. नाव लिहिलं की अंगणवाडीत जाईल, तिथं गेलं की वजन होईल, लस राहिली असेल तर कळेल, लाल पट्टी निघाली तर पुढं पाठवता येईल. आणि टोळी तुमच्याकडून दुसरीकडे जाईल तेव्हा ते पान फाडून किंवा मोबाईलवर फोटो काढून पुढच्या बागायतदाराला द्या. औषधाचा हिशोब, उचलीचा हिशोब देतोच ना पुढं, तसंच. दिंडोरी, निफाड, नाशिक, चांदवड, आपण सगळे एकमेकांना ओळखतो, एकाच ग्रुपवर रेट टाकतो, पावसाचे फोटो टाकतो. त्याच ग्रुपवर हे पण टाकता येईल.

गरोदर बाई टोळीत असेल तर तिचंही नाव लिहा. पोटातल्या त्या २७० दिवसांचा हिशोब तिथंच चालू होतो. तिला वाकून करायचं काम देऊ नका, आशाताईला कळवा, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का विचारा. बायका बायकांना विचारू शकतात, वहिनींनो हे तुमच्यासाठी लिहितेय.

चिमणी आता पाच वर्षांची होईल. मागच्या सीझनला ती टोळीसोबत आली नाही, आजीजवळ ठेवली असं तिची माय म्हणाली, आता वाक्यं बोलते म्हणे, गावच्या अंगणवाडीत जाते. यंदा तिची माय येणार आहे आणि सोबत तिचं धाकटं येणार आहे, सात महिन्यांचं. मी नवीन वही आणलीय, पहिल्या पानावर त्याच्यासाठी एक ओळ मोकळी ठेवलीय. दंडघेराच्या पट्ट्या अंगणवाडीत असतात, मागून घ्या आणि कॅलिपरसोबत खिशात ठेवा.

तुमची,
मखमलाबादची एक बागायतदारीण